लापशी थुंकणारं बाळ आणि डब्यातलं महिन्याभराचं पीठ

पत्राचा सारांश: अकोला जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगा दहा महिन्यांचा, वजन 7 किलो 900 ग्रॅम, अंगावर पितो. सहा महिने पूर्ण झाल्यापासून त्याला घरच्या पिठाची लापशी देतात. नाचणी, तांदूळ, गहू, मूगडाळ, मसूर, डाळवं, काजू, बदाम, खारीक आणि वेलची, सगळं एकाच कढईत भाजून महिन्याचं एकदम चक्कीवर दळून आणलेलं. आधी खायचा. आता दोन घासांनंतर तोंड फिरवतो, जिभेनं बाहेर ढकलतो. सध्या कापसाची वेचणी सुरू असल्यानं आई सकाळीच लापशी करून शेतात जाते आणि दुपारी सासूबाई ती भरवतात. सासूबाई म्हणतात, "गूळ-मीठ नाही टाकलं तर लेकरू खाईन कसं?" गूळ घातला की चार घास जास्त जातात, हेही खरं. दुकानातलं पाकीट आणि चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र तो आवडीनं खातो. अंगणवाडीतून मिळालेली पाकिटं घरात तशीच पडून आहेत. आई विचारते: गूळ, साखर, मीठ न घालता घरची लापशी चवदार कशी करू? आणि माझ्या लेकराला खाण्याचे नखरे आहेत का?

उत्तर:

ताई, एक दिवस दुपारी घरी थांबता आलं तर बाळाची वाटी तुम्ही स्वतः चाखून पाहा. सकाळची गरम गरम नाही, दुपारची, सासूबाई भरवतात तीच. दोन चमचे नीट जिभेवर घोळवा. मागे कच्च्या पिठाचा वास राहतो का? जुन्या तेलासारखी खवट, घशाला लागणारी चव येते का? की काहीच चव येत नाही, नुसतं कोमट पाणी? तुमच्या पत्रावरून तर तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या असाव्यात असं वाटतं. मोठ्या माणसानं ती वाटी बाजूला सारली असती, तर त्याला कोणी नखरे म्हटलं नसतं.

सहा महिन्यांच्या बाळानं घास जिभेनं बाहेर ढकलला तर ती त्या वयाची सवय असते, नावड नव्हे. दहाव्या महिन्यात मात्र त्याचं मत तयार झालेलं असतं. आईच्या दुधातून त्याला घरातल्या लसणाच्या, जिऱ्याच्या चवी आधीच भेटलेल्या असतात. त्याच जिभेवर चार महिने, दिवसातून तीनदा, एकाच डब्यातलं पीठ येत असेल तर ती कंटाळणारच. तेव्हा बाळाला सुधारायला जाऊ नका, डबा सुधारा.

डब्यात दहा जिन्नस आहेत आणि खरी अडचण तिथंच आहे. घरात आहे तेवढं सगळं पौष्टिक एकत्र दळलं की लापशी चांगली होते, असा समज सगळीकडे आहे. होतं उलटं. तांदूळ लवकर भाजला जातो, गव्हाला जास्त वेळ लागतो, नाचणीचा दाणा एवढासा, तो तळाशी बसून करपतो. एका कढईत सगळं घातलं की एक करपलेलं आणि दुसरं कच्चं राहतं. काजू-बदामाला तेल सुटतं. पीठ झालं की त्या तेलाला हवा लागते आणि आपल्याकडच्या उन्हात पंधरा दिवसांतच ते खवट होऊ लागतं. वेलचीनं तो वास झाकला जातो म्हणून आपल्याला कळत नाही, बाळाला कळतो. शिवाय यातलं एखादं बाळाला सोसलं नाही, अंगावर पुरळ आलं किंवा उलटी झाली, तर दहांतलं नेमकं कोणतं हे कसं ओळखणार?

दोनच जिन्नस घ्या. ज्वारी दोन वाट्या, मूगडाळ एक वाटी. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, ती वाईट नाही. पण ती आपल्या शिवारात पिकत नाही, विकत आणावी लागते, आणि ती नसली म्हणून बाळाचं काही अडत नाही. ज्वारी घरची असते, ताजी असते. पूर्वेकडे, भंडारा-गोंदियाच्या बाजूला, तांदूळ घेतला तरी प्रमाण हेच.

दोन्ही वेगवेगळं धुवा आणि कापडावर पसरून दिवसभर खडखडीत वाळवा. मग लोखंडी कढईत मंद आचेवर वेगवेगळं भाजा. ज्वारी आठ-दहा मिनिटं, मधूनच एखादा दाणा तडतडून फुटेपर्यंत. मूगडाळ सहा-सात मिनिटं, रंग गुलाबीसर होऊन घरभर वास सुटेपर्यंत. चव इथंच तयार होते. भाजताना सुटणारा खमंग वास पुढे कितीही गूळ घातला तरी आणता येत नाही. आच मोठी केली तर दाणा वरून काळा आणि आत कच्चा राहतो. भाजलेलं धान्य परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना डब्यात भरलं की वाफेचं पाणी होतं, पिठाच्या गुठळ्या होतात आणि आठवड्यात जाळी धरते.

दळण पंधरा दिवसांपुरतंच करा, घरच्या मिक्सरवर जमलं तर उत्तमच. चक्कीवर नेलं तर आधी काय दळलं ते विचारा. मिरची किंवा मसाल्यानंतर दळलेलं पीठ बाळाला झोंबतं, त्याआधी घरच्या ज्वारीचं दळण काढून घ्या. चक्कीच्या दगडाला नुकतेच टाके मारलेले असतील तर दोन दिवस थांबा, पिठात बारीक कचकच येते. आणि दहा महिन्यांच्या बाळाला मैद्यासारखं वस्त्रगाळ पीठ नको. रव्याएवढं जाडसर ठेवा, चाळू नका. चावायला शिकण्याचे हेच दिवस आहेत. या वयात जाडसर घास मिळाला नाही तर पुढे मूल प्रत्येक दाण्याला उमळतं.

शेंगदाणे, तीळ, जवस यांना या डब्यात जागा नाही. ते भाजून अख्खे ठेवा आणि तीन-चार दिवसांपुरतं कूट करा. जवसाचं कूट तर सगळ्यात लवकर बिघडतं. शेंगदाणा पहिल्यांदा देताना पाव चमचा बारीक कूट, सकाळच्या वेळी द्या आणि दिवसभर लक्ष ठेवा. अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा मात्र पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो.

आता शिजवण्याकडे येऊ. मोठ्या चमच्यानं सपाट तीन चमचे पीठ, म्हणजे साधारण 25 ग्रॅम, आधी पाव वाटी थंड पाण्यात कालवा. थेट उकळत्या पाण्यात घातलं की गुठळी बाहेरून शिजते आणि तिच्या पोटात कोरडं पीठ राहतं. तो कच्चट घास बाळ हमखास थुंकतं. वाटीभर पाणी उकळलं की त्यात कालवलेलं पीठ धार धरून सोडा, ढवळा, आच बारीक करा, झाकण ठेवा आणि दहा-बारा मिनिटं शिजू द्या. ज्वारीला तांदळापेक्षा जास्त वेळ लागतो. पाच मिनिटांत घट्ट झाली म्हणून उतरवली तर ती दाटते, पण शिजत नाही. उतरवल्यावर एक लहान चमचा तूप आणि एक लहान चमचा शेंगदाण्याचं कूट घाला. चमचा तिरका केल्यावर लापशी घरंगळत नाही, हळूहळू खाली सरकते, एवढी घट्ट हवी.

घट्टपणा हा केवळ चवीचा प्रश्न नाही. वर सांगितलेल्या वाटीतून साधारण 160 किलो-कॅलरी मिळतात. त्यातलं चमचाभरच पीठ ग्लासभर पाण्यात उकळलं तर जेमतेम 30-35 मिळतात, आणि पोट मात्र दोन्ही वेळा सारखंच भरतं. आईच्या दुधात दर 100 मिलिलिटरला 65 ते 70 किलो-कॅलरी असतात. म्हणजे पातळ लापशी तुमच्या दुधापेक्षाही हलकी. दहा महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे 300 किलो-कॅलरी लागतात. पातळ लापशीनं तो आकडा गाठायला नऊ-दहा वाट्या भरवाव्या लागतील.

तुमच्या घरी लापशी पातळ होते ती दुपारी. सकाळची लापशी गार झाली की थिजते. सासूबाई ती सैल करायला पाणी घालून पुन्हा गरम करतात. यात त्यांचं काही चुकत नाही, थिजलेला गोळा भरवणार तरी कसा? पण त्या पाण्यानं चवही जाते आणि ताकदही. वर चार-पाच तास बाहेर राहिलेल्या लापशीत जंतू वाढतात आणि ती आंबूस होते. शिजवलेलं दोन तासांत संपवावं, मार्च ते जूनच्या उन्हात तासाभरातच.

दुपारसाठी ज्वारीच्या लाह्यांचं पीठ करून ठेवा. लाही फुटताना आतून शिजलेली असते, त्यामुळे तिचं पीठ पुन्हा शिजवायला लागत नाही. लाह्यांत न फुटलेले गणंग राहतात, ते दळण्याआधी चाळून काढा. सकाळी उकळलेलं पाणी थर्मासमध्ये ठेवून जा. सासूबाईंनी वाटीत चार चमचे पीठ घ्यायचं, लागेल तसं गरम पाणी घालून कालवायचं, वरून तूप आणि अर्धं केळं कुस्करून घालायचं. दोन मिनिटांचं काम आणि ताजा घास. पाण्याऐवजी दोन-तीन चमचे उकळलेलं दूध चालेल. वाटीभर दूध नको, वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध पोटभर पाजलं तर बाळाच्या अंगातलं लोह कमी होतं.

गूळ न घालता गोडवा हवा असेल तर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे मोडाच्या गव्हाचं पीठ. मूठभर गहू रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात दिवस-दीड दिवस बांधून ठेवा, बारीक मोड आले की उन्हात कडक वाळवा. मग अगदी हलकेच, हाताला गरम लागण्यापुरते भाजा, मोड चोळून काढा आणि दळा. घट्ट लापशी उतरवून थोडी निवली, अजून वाफ निघतेय पण उकळत नाही, अशा वेळी त्यात या पिठाचा अर्धा ते एक लहान चमचा ढवळून पाच मिनिटं झाका. लापशी पाणी न घालताच सैल होते आणि जिभेला मंद गोड लागते. मोडातला एक घटक पिठातल्या स्टार्चचं साखरेत रूपांतर करतो, म्हणून हे होतं. उकळत्या लापशीत घातलं किंवा गहू जास्त भाजला तर तो घटक मरतो आणि काहीच घडत नाही. सैल झाल्यावर मात्र एकदा उकळी काढा, मोडाच्या पिठात जंतू असू शकतात. हा प्रयोग ज्वारीवर करू नका. ज्वारीच्या कोवळ्या मोडांत विषारी अंश तयार होतो, कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं तो हाच.

पण लापशी गोडच हवी असं कोणी ठरवलं? मला तर वाटतं, तुमच्या बाळाला तिखट सोडून बाकी सगळी फोडणी हवी आहे. लहान पळीत चमचाभर तूप तापवा. त्यात चिमूटभर जिरं, ठेचलेली लसणाची एक पाकळी, गोडनिंबाची (कढीपत्त्याची) तीन-चार पानं आणि नखभर हळद घाला. पानं काढून टाका आणि फोडणी लापशीवर ओता. वास तुपात उतरतो आणि तुपाबरोबर प्रत्येक घासात जातो. याच फोडणीत पाव टोमॅटो किंवा बारीक चिरलेला मूठभर पालक शिजवला की चव पुन्हा वेगळी. मुनग्याचा (शेवग्याचा) पाला वाळवून पूड केली असेल तर ती पाव चमचाच आणि शेवटी घाला, जास्त झाली की कडू लागते. चिमूटभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, वरून घातला तरी वाटीचा वास बदलतो. मीठ नसल्याचं बाळाला जाणवत नाही, ते फक्त आपल्याला जाणवतं.

गोड हवंच त्या वेळी कोहळं, म्हणजे लाल भोपळा, आहे. वाफवून कुस्करलेलं दोन चमचे कोहळं लापशीत घातलं की रंग, गोडवा आणि मऊपणा तिन्ही येतात. रताळंही तसंच. केळं उतरवल्यावर घाला, शिजवलं तर काळं पडतं. सीताफळाचा गर चालतो, पण बिया दोनदा तपासा. संत्र्याचा रस लापशीत घालू नका. दूध असेल तर फाटतं, आणि रस काढताना बी किंवा पांढरा पडदा चुरडला गेला की कडवटपणा उतरतो. त्यापेक्षा जेवणानंतर साल, बी आणि पडदा काढून संत्र्याच्या दोन फोडी बारीक करून द्या. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे ज्वारी आणि डाळीतलं लोह अंगी लागतं.

सासूबाईंच्या गूळ-मिठाचं काय करायचं? वर्षाखालच्या बाळाला दिवसभरात एक ग्रॅमपेक्षाही कमी मीठ लागतं. तेवढं दुधातून आणि धान्यातून मिळतं, जास्तीचं बाहेर टाकण्याचं काम त्याच्या लहानशा मूत्रपिंडांवर येतं. तुमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात असेल तर बोअरच्या पाण्यातच मीठ आहे. बाळाच्या स्वयंपाकाला नळाचं किंवा गोड्या विहिरीचं पाणी वेगळं ठेवा. बोअरच्या पाण्यात डाळही लवकर शिजत नाही, म्हणून काहीजणी चिमूटभर सोडा घालतात. तो नको, त्यानं मीठच वाढतं आणि डाळीतलं जीवनसत्त्व जातं. डाळ दोन-तीन तास गोड्या पाण्यात भिजवून शिजवा. गुळात लोह असतं म्हणून तो चालतो असं सांगतात, पण बाळाला देतो तेवढ्या गुळातून मिळणारं लोह नावापुरतं असतं, बाकी ती साखरच. दोन वर्षांपर्यंत तो टाळलेला बरा. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाही नाही, शिजवूनही नाही. त्यात असे जंतू असू शकतात की बाळाचे स्नायू लुळे पडतात. मात्र सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. लेकराला बेचव घालू नये, हा त्यांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. फोडणीचं काम त्यांच्याकडेच द्या.

दुकानातलं पाकीट म्हणजे विष नव्हे. त्यात बहुधा लोह आणि जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात, प्रवासात ते कामाला येतं. पाकिटामागची यादी वाचा. साखर, ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं सुरुवातीलाच असतील तर बाळ ते इतक्या आवडीनं का खातं ते कळेल. चहा-बिस्कीट मात्र आजपासून बंद करा. चहामुळे लोह अंगी लागत नाही आणि बिस्किटानं जेवणाची भूक मरते. खाण्याच्या आधी दीड-दोन तास दुसरं काही तोंडात नको. तुम्ही संध्याकाळी घरी आल्यावर बाळ आधी अंगावर झेप घेईल, ते घेऊ द्या, जेवण तासाभरानं. फवारणीचे दिवस असतील तर कपडे बदलून, हात-छाती साबणानं धुऊन मगच जवळ घ्या.

भरवताना बाळ बसलेलं हवं. पायावर आडवं घेऊन बोंडल्यानं किंवा चमच्यानं घशात ओतायची पद्धत अजून काही घरांत आहे. त्यानं ठसका लागतो, घास फुप्फुसात जाऊ शकतो, आणि बाळाला वाटी दिसली तरी रडू येतं. नवी चव पहिल्या दिवशी थुंकली म्हणजे नाकारली असं नाही. आठ-दहा वेळा, दोन-चार दिवसांच्या अंतरानं, चमचाभरच पुढे करत राहा. वीस-पंचवीस मिनिटांत जेवढं जाईल तेवढं.

खरं तर दहाव्या महिन्यात तिन्ही वेळ लापशी लागतच नाही. एकदा लापशी पुरे. दुसऱ्या वेळी मिरची घालण्याआधी काढलेलं तुरीचं घट्ट वरण, भात आणि तूप. तिसऱ्या वेळी ज्वारीची मऊ भाकरी वरणात कुस्करून, किंवा कण्या भाजीच्या गरासोबत. घरात अंडं चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अर्धं अंडं कुस्करून द्या, लापशीनं जे भरून निघत नाही ते त्यातून मिळतं. एका वेळी अर्धी ते पाऊण मोठी वाटी, दिवसातून तीन-चारदा, मधे एखादं फळ. वर्ष भरेपर्यंत तुमच्याच ताटातलं तिखटाविना खाऊ लागलं की लापशीचा प्रश्न आपोआप मिटतो.

तुमच्या बाळाचं वजन या वयाला कमीच्या बाजूला आहे, पण चिंतेच्या रेषेच्या वर आहे. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. सलग दोन महिने वाढलं नाही, दंडाचा घेर 12.5 सेंटिमीटरच्या खाली गेला, प्रत्येक घासाला ठसका लागू लागला किंवा बाळ मलूल, पांढुरकं दिसू लागलं, तर चवीचे प्रयोग थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. घेर 11.5 च्या खाली असेल तर त्याच दिवशी. आशाताईंकडून लोहाचं औषध मिळतं, 1 मिलिलिटर, आठवड्यातून दोनदा. ते घेत नसाल तर मागून घ्या.

अंगणवाडीच्या पाकिटांची तारीख पाहा. मुदत असेल तर ती गुरांच्या टोपल्यात जाऊ देऊ नका. त्यात बहुतेक वेळा साखर आधीच असते, म्हणून नुसत्या पाण्यात उकळून ती गोड-चिकट लागतात आणि बाळ कंटाळतं. निम्मं ते पीठ आणि निम्मं तुमचं ज्वारी-मुगाचं पीठ घ्या, त्यात किसलेलं कोहळं घालून सैल भिजवा आणि तव्यावर तुपाच्या थेंबावर लहान धिरडी घाला. तुकडे बाळाच्या हातात द्या, तो स्वतः खाईल.